डावा तळहात

रविवारी सकाळी मल्लव्वा निपाणीच्या एस.टी.तून उतरली, टांगा करून कोल्हापूरच्या शनिवार पेठेत माहेरी आली, दुकानाच्या बाजूचा जिना चढली आणि वरच्या पायरीवरच थबकली. घरात आवाज नव्हता.

हत्तरगींच्या घरात आवाज नाही म्हणजे काय! या घरात वर कुणी मीठ मागितलं, तर खाली दुकानात इरकली लुगडं बघत बसलेल्या बाईला कळायचं की आज आमटी अळणी झालीय. भांडण नसलं तरी भांडण चाललंय असं वाटावं, अशी या घराची बोलण्याची रीत. मल्लव्वा त्याच रीतीत वाढलेली. तिनं पिशवी पायरीवर टाकली आणि आईच्या नावानं गळा काढला.

"अगं अव्वा गं! गेलीस व्हय मला न भेटता!"

स्वयंपाकघरातून तिची भावजय निलव्वा कणकेच्या हातानंच पळत आली. "अक्का, हळू! हळू बोला की!"

"कवा गेली? मला तार कराय काय झालतं तुमास्नी?"

"कोण गेलंय? अत्ती आत चहा प्यायला लागल्यात."

मल्लव्वाचा गळा जागच्या जागी बंद झाला. तिनं पदरानं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि आता मात्र तिला राग आला. रडणं फुकट गेलं की माणसाला राग येतोच. "मग मेल्यागत गप का बसलाय सगळी? श्रावणातला शेवटचा सोमवार उद्यावर आलाय, मठाचे स्वामी जेवायला यायचे हायत, आणि घरात चिटपाखरू बोलंना!"

"सांगती. आधी बसा."

मल्लव्वा एकटीच फसली होती असं नाही. शेजारची जुलेखाभाभीसुद्धा त्या आठवड्यात वाटीभर साखर मागायचं निमित्त काढून येऊन गेली होती. "वैनी, सगळं खैरियत हाय न्हवं?" तिनं दारातूनच विचारलं होतं. "तुमचं भांडण ऐकू येईना, तर आमास्नी झोप लागंना झालीया."

झालं होतं असं. वैशाखात मल्लव्वाच्या आईच्या, शांतव्वाच्या, अंगावरनं वारं गेलं. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मग हळूहळू पाय सुधारला, काठी घेऊन मोरीपर्यंत जाण्याइतका. बोलणंही कळायला लागलं. डावा हात मात्र लोंबतच राहिला. ज्येष्ठात एक दिवस तो हात आपोआप कोपरात वाकला, छातीशी आला आणि त्याची मूठ वळली. घट्ट! मुलगा महालिंग, दुकान चालवणारा, निलव्वाचा नवरा, त्यानं ती मूठ उघडून बघायचा प्रयत्न केला, तर त्याला उघडेना. तो आनंदानं इतक्या मोठ्यानं ओरडला की खालचा नोकर ज्ञानू वर धावत आला.

"ताकद आली! अव्वाच्या हातात ताकद आली!"

त्यानं दुकानात पेढे वाटले. पेढे खाणारा प्रत्येक जण वर येऊन शांतव्वाची मूठ उघडून बघायला लागला. कोल्हापुरात कुणाची मूठ आवळलेली दिसली की ती सोडवून बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, त्याला कोण काय करणार? गल्लीतला गवळी आला, शिंपी आला. "लई जोर हाय म्हातारीच्या हातात," म्हणत एकेक जण पेढा तोंडात टाकून जिना उतरला. जितकं ओढतील तितकी मूठ आणखी आवळे, आणि आवळली की महालिंगची छाती फुगे.

पुढं मिरजेला तपासायला नेलं, तेव्हा तिथल्या व्यायामाच्या बाईंनी हे सगळं ऐकून कपाळाला हात लावला. ही ताकद नव्हे, त्या म्हणाल्या. मेंदूकडून येणारा लगाम सुटलाय, म्हणून स्नायू आपल्या मनानं आवळतायत. ओढलं की ते जास्त भांडतात. थंडी वाजली, दुखलं, घाबरलं, राग आला, मोठा आवाज झाला, तरी आवळतात. हळू, ऊब देऊन, थांबून थांबून उघडायचं. रोज उघडायचं, नाहीतर मूठ कायमची अशीच राहील. आणि घरात जरा शांतता ठेवा.

शेवटचं वाक्य ऐकून महालिंग आणि निलव्वानं एकमेकांकडं बघितलं होतं. बाकी सगळं जमलं असतं.

"म्हंजे मी बोललो म्हणून अव्वाची मूठ आवळते?" परतीच्या गाडीत महालिंगनं विचारलं होतं, आणि त्याच्या त्या आवाजानंच शेजारी बसलेल्या शांतव्वाचा हात छातीशी चिकटला होता.

*

मल्लव्वा आईजवळ जाऊन बसली. शांतव्वा खिडकीपाशी खुर्चीत होती. डाव्या हाताखाली उशी दिलेली, बोटांमध्ये मऊ फडक्याची गुंडाळी. तोंड अजून थोडं ओढलेलं, पण डोळे मूळचेच, लेकीच्या पिशवीत काय आहे ते आधी बघणारे.

"त... तंबाखू आणलीस?" शांतव्वानं विचारलं.

"डॉक्टरनं न्हाय म्हटलंय की तुला."

"निपाणीची लेक, आणि रि... रिकाम्या हातानं आली."

मल्लव्वा हसली आणि हसताहसता तिला पुन्हा रडू आलं. आईच्या हातातली ती फडक्याची गुंडाळी तिला अजिबात आवडली नाही. लहान मुलाच्या हातात दिल्यासारखं काय ते फडकं! ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"निले, माझ्या अव्वाच्या हाताचं चिंधी धरायचं स्टँड केलंयस व्हय? चार महिनं झालं. मालिश कोण करतंय?"

"रगडायचं न्हाय म्हणून सांगितलंय, अक्का. ऊन पाण्यात हात धरायचा, मनगट आधी खाली वाकवायचं, मग बोटं आपसूक सैल पडत्यात. मग एकेक उघडायचं आणि उघडलेली तशीच धरून बसायचं. रोज सकाळी मी करती."

"बसायचं? नुसतं बसायचं? ह्याला औषध म्हणत्यात?" मल्लव्वाचा आवाज चढला.

आतून खुर्ची करकरली. निलव्वा हातातलं उलथनं टाकून धावली. शांतव्वाचा हात कोपरातून वर उचलला गेला होता, मुठीतली गुंडाळी पिळून निघाली होती आणि म्हातारी दात आवळून बसली होती. निलव्वा तिच्यापाशी बसली. नुसता हात हातात घेऊन बसून राहिली. मल्लव्वा दारात उभी राहून बघत होती. तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटतंय हे भावजयीला कशाला दाखवायचं, म्हणून ती खाली दुकानात भावाकडं गेली.

*

महालिंगनं तिला चहा मागवला आणि गिऱ्हाईक नाही असं बघून आपलं गुपित सांगितलं.

"अक्का, उद्याचं मी सगळं जुळवलंय. स्वामींच्याकडं जाऊन आलो."

"काय जुळवलंस?"

"अव्वाच्या पूजेचं."

हे काय होतं ते मल्लव्वाला सांगावं लागलं नाही. घरातल्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं आणि सगळ्यांनाच ते डाचत होतं. शांतव्वाच्या गळ्यात लिंगायतांच्या रीतीप्रमाणं लहानपणापासून इष्टलिंग. रोज अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, करडगीतून, ते काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचं, डोळे भरून बघायचं. मग जेवण. बाळंतपणात, तापात, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिनं हे चुकवलं नव्हतं. वैशाखात वारं गेलं ते नेमकं डाव्या हातावरनं. बघायला येणारा जो तो म्हणायचा, "बरं झालं, डावाच गेला, उजवा चांगला हाय." तसं कुणी म्हटलं की शांतव्वा भिंतीकडं तोंड करायची.

आता लिंग पाटावर ठेवून पूजा व्हायची. शांतव्वा ती करायची, पण तिला ती पूजा वाटतच नव्हती. म्हणून ती पंक्तीला बसत नव्हती. सगळ्यांचं झालं की मागं एकटी बसून भाकरी दुधात कुस्करून खायची. तिला तसं खाताना बघून महालिंगला जेवण गोड लागायचं नाही. त्याला हे संपवायचं होतं, बस.

"स्वामींना विचारलं, उजव्या तळहातावर चालंल का? ते म्हणाले, चालंल की, देवाला डावं-उजवं कुठलं? उद्या सगळ्यांच्या म्होरं तेच सांगतील तिला. स्वामींचं बोलणं मोडंल का ती? उद्यापासनं अव्वा पंक्तीला!"

"शहाणा हायस रे म्हालिंग्या," मल्लव्वा म्हणाली. तिला पटलं. आणि भावजयीच्या त्या बसून राहण्याच्या औषधापेक्षा हे तिला मर्दासारखं वाटलं. "पण हाताचंबी बघाय पायजे. तालमीतले पिराजी वस्ताद हायत न्हवं अजून? त्यास्नी बोलवू या. किती पैलवानांची आखडल्याली अंगं सोडवल्यात त्यांनी!"

"बाईंनी रगडू नका म्हणून..."

"बाई मिरजेच्या. पैलवान कोल्हापूरचे. बोलव त्यास्नी."

महालिंगला बहिणीपुढं कधी न्हाय म्हणता आलं नव्हतं. त्यानं ज्ञानूला तालमीकडं पाठवलं.

निलव्वाला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, कारण बहीणभाऊ खाली गुपित बोलत होते आणि ते वर चुलीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. पिराजीचं तिला एवढं काही वाटलं नाही. उजव्या हाताचं ऐकून मात्र तिच्या हातून पुरी वाकडी लाटली गेली.

या घरात आल्यापासून सासूनं कधी तिला वेणीसुद्धा घालू दिली नव्हती. "मी काय लुळी हाय?" असं एकदा म्हणाली होती शांतव्वा, आणि निलव्वानं पुन्हा विचारलं नव्हतं. आता रोज सकाळी तोच हात तासभर तिच्या हातात असायचा. शांतव्वा शिव्या द्यायची. दुखतंय म्हणायची, सोड म्हणायची, तुझ्या माहेरी असलंच शिकवत्यात काय म्हणायची. पण हात काढून घ्यायची नाही. कारण एकच, एक दिवस त्या तळव्यावर लिंग ठेवायचं होतं. व्यायाम, मिरज, स्नायू, लगाम यातलं म्हातारीला कशाचंच घेणंदेणं नव्हतं. स्वामींनी उजवा चालंल म्हटलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती हात पदरात घेऊन म्हणणार, "आता कशाला?" आणि मग ती मूठ कायमची मूठच राहणार. निलव्वाला हे सरळ दिसत होतं. ते कुणाला सांगावं, हे दिसत नव्हतं.

*

पिराजी वस्ताद आले. वय झालं होतं, पण मान अजून खांद्यात रुतलेली आणि कान पिळवटलेले. त्यांनी तेलाची वाटी ऊन करून मागितली, धोतर आवरलं आणि शांतव्वापुढं मांडी घालून बसले.

"वैनीसाब, घाबरू नका. असल्या मुठी लई बघितल्यात मी."

"मी न्हाय घाबरत," शांतव्वा म्हणाली. "तुमी जपा."

वस्तादांनी दंडापासून तेल जिरवत आणलं. तिथवर ठीक होतं, शांतव्वाला बरंही वाटलं. मग त्यांनी मुठीत आपला अंगठा घातला, "हां, आता सोडा ढिला," म्हणाले आणि एक हिसका दिला.

मूठ अंगठ्यासकट बंद झाली.

वस्तादांनी हसून पुन्हा ओढलं. हात कोपरात वाकून शांतव्वाच्या छातीकडं निघाला आणि वस्ताद त्याच्यामागं. त्यांनी दुसऱ्या हाताचा आधार घेतला. मूठ आणखी बसली. वस्तादांच्या कपाळावर घाम आला.

"सोडा की, वैनीसाब."

"मी कुठं धर... धरलंय?" शांतव्वा म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"अगं अव्वा, सोड त्यांना!" मल्लव्वा ओरडली.

"अव्वा, सोड!" महालिंग ओरडला.

"ओरडू नका ओ! तुमी ओरडलासा की आणि आवळती ही!" आता वस्ताद स्वतःच ओरडले. जुलेखाभाभी जिन्यात येऊन उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. हत्तरगींचं घर पुन्हा ताळ्यावर आलं म्हणून.

निलव्वा पुढं झाली. "सगळी गप बसा," असं ती कुजबुजली. तिचा आवाज इतका लहान होता की सगळे खरंच गप बसले. तिनं शांतव्वाचं कोपर उशीवर टेकवलं, मनगट हलकेच खाली वाकवलं आणि थांबली. वस्तादही वाकून थांबले, दुसरं काय करतील बिचारे. बऱ्याच वेळानं बोटं सैल पडली आणि अंगठा बाहेर आला.

वस्तादांनी तो झटकून बघितला. "वीस वर्साखाली एका पंजाब्यानं माझा हात असा धरला हुता. त्याच्याबी हातनं सुटलो हुतो मी."

शांतव्वाचे खांदे हलायला लागले. आधी सगळे घाबरले. मग कळलं की ती हसतेय. अर्धंच तोंड हसत होतं, पण ते पुरेसं होतं.

मल्लव्वा हसली नाही. ती निलव्वाच्या हाताकडं बघत होती. ती भावजयीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली, पिठाचा डबा सरकवून जमिनीवर बसली.

"निले."

"काय, अक्का?"

"असं रोज करतीस? इतका वेळ?"

"व्हय."

"आणि उघडती पुरती?"

"आता आता उघडाय लागलीया. सकाळी, ऊन पाण्यात, घर गप असलं की. तळवा दिसतो सगळा. जरा वेळच ऱ्हातो, मग मिटतो." निलव्वानं चुलीत लाकूड सारलं आणि मग तिच्या तोंडातून निघूनच गेलं. "उद्या स्वामी उजवा चालंल म्हणाले की संपलं सगळं, अक्का. त्या पूजेसाठी हात देत्यात माझ्या हातात. न्हायतर मला कशाला जवळ करतील त्या?"

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. ती धुराकडं बघून डोळे चोळायला लागली.

मल्लव्वानं सरकवलेला डबा पुन्हा जागेवर लावला. "आमची अव्वा कुणालाच जवळ करत न्हाय गं," ती शेवटी म्हणाली. "मला तरी कुठं केलंय? तंबाखूच मागती. थांब, त्या म्हालिंग्याला बघून येती."

ती खाली गेली. यावेळी मात्र वर काहीच ऐकू आलं नाही. बहीणभाऊ आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात भांडत होते. महालिंगला ते फारच जड गेलं, कारण त्याची सगळी बाजू आवाजावरच उभी असायची.

"अक्का, तूच सकाळी शहाणा म्हणालीस की!"

"सकाळी म्हणाली असंन. हळू बोल."

"ती मागं एकटी बसून खाती, तुला ते बघावं लागत न्हाय. मला रोज बघावं लागतंय!" त्याचे डोळे भरले. "हात उघडला न्हाय सगळ्यांच्या म्होरं, तर किती लाज वाटंल तिला? उजव्यावर हुईल तरी."

"लाज तिची हाय. तिला विचार की."

पण विचारायला कुणी गेलं नाही. विचारलं तर ती काय म्हणेल, याची दोघांनाही धास्ती होती. आणि शांतव्वा वर खिडकीशी बसून सगळं जाणून होती. कान काही तिचे गेले नव्हते. सकाळपासून तिनं उजव्या हातावर लिंग ठेवून मनातल्या मनात बघितलं होतं. मग पाणी कुठल्या हातानं घालायचं? भस्म कुठल्या? बायकामुलं घालतील, आणि ती बाहुलीसारखी हात पसरून बसेल. नको. त्यापेक्षा मागची एकटीची भाकरी बरी. पण न उघडणारी मूठ घेऊन पंक्तीत बसायचं, हेही तिला भ्यायला लावत होतं. ती कधी कशाला भ्याली नव्हती, म्हणून तिला भीतीचीच जास्त चीड आली.

*

सोमवारी स्वामी छत्री झटकत जिना चढले. पाय धुणं झालं, पाद्यपूजा झाली. माजघरात पाट मांडले गेले. महालिंग, त्याची मुलं, मल्लव्वा, सगळे गळ्यातली लिंगं काढून ओळीनं बसले. भिंतीकडचा एक पाट रिकामा होता. तो शांतव्वाचा, रोज मांडला जायचा आणि रोज रिकामाच राहायचा.

काठीचा आवाज आला. शांतव्वा दारात उभी होती. इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे, डावा हात पदराखाली.

महालिंगनं स्वामींकडं बघून मान हलवली. स्वामींनी घसा खाकरला. त्यांचाही आवाज काही लहान नव्हता, मठाच्या अंगणात हजार माणसांना ऐकू जायचा. "हे बगा, शांतव्वा," त्यांनी सुरुवात केली, "देवाला डावं-उजवं..."

"स्वामी, हळू!" मल्लव्वा म्हणाली.

सगळं माजघर चरकलं. स्वामींना आजवर कुणी गप बसवलं नव्हतं. मल्लव्वाची स्वतःचीच जीभ चावली गेली. तिनं हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, "रागवू नका स्वामी. आवाजानं तिचा हात आवळतो. आधी तिला तिच्या डाव्या हातावर करून बघू द्या. मग तुमी सांगा काय सांगायचं ते."

स्वामींनी एकदा तिच्याकडं, एकदा महालिंगकडं बघितलं. मग ते पाटावर मागं सरकून बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

शांतव्वा पाटावर टेकली. तिनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत हाक मारली.

"नी... निलव्वा. ये. तुझ्याबिगर न्हाय हुयाचं."

निलव्वा ऊन पाण्याचं तांब्याचं घंगाळ घेऊन आली. शांतव्वाचा हात तिनं पाण्यात धरला. मग मांडीवर पंचा पसरून कोपर त्यावर टेकवलं, मनगट खाली वाकवलं. थांबली. शांतव्वा आज शिव्या देत नव्हती. मुलं टकमक बघत होती, मल्लव्वानं तोंडावर पदर दाबून धरला होता, महालिंगनं श्वास धरला होता. अंगठा आधी सुटला. मग करंगळी. मग मधली तिन्ही. निलव्वानं त्यांना ओढलं नाही, ती येतील तशी येऊ दिली आणि मनगट हळूहळू वर आणलं.

तळवा उघडला. बरेच दिवस न वापरलेल्या हाताचा तळवा, पांढरा, मऊ. शांतव्वा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं उजव्या हातानं करडगी उघडली, लिंग काढलं आणि आपणच आपल्या डाव्या तळहातावर ठेवलं. निलव्वाचा हात खालून नुसता टेकलेला होता.

शांतव्वानं पाणी घातलं. भस्म लावलं. फूल वाहिलं. ओठ पुटपुटत होते, शब्द जड होते, पण तिचे तिला कळत होते. बेलाचं पान घ्यायला तिनं उजवा हात पुढं केला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतके दिवस दाबलेलं ते एकदम आलं. खांदा हलला, कोपर उचललं गेलं आणि बोटं मिटली. लिंग आत राहिलं.

"अरे! अव्वा, हात..." महालिंग पाटावरून उठलाच. "लिंग काढा आधी! निला, उघड, उघड तिचा हात!"

निलव्वानं मनगटाला हात लावला. शांतव्वानं मान हलवून तिला थांबवलं. गालावरचं पाणी तिनं पुसलं नाही. ती आपल्या मुठीकडं बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. यावेळी तिची जीभ कुठंही अडली नाही. "तीन महिनं ही रिकामीच आवळत हुती. आज तिच्यात देव हाय. राहू दे जरा."

बेलाचं पान ताटलीतच राहिलं होतं. महालिंगनं ते उचललं, वाकून आईच्या मिटलेल्या मुठीवर ठेवलं आणि आपल्या पाटावर जाऊन बसला. स्वामींनी डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा मिटले. आत गव्हाची गोड हुग्गी निवत होती, मुलांना भूक लागली होती, पण त्या घरात कुणी काही बोललं नाही.